दिवा जळत असलेलं इंजिन

सुजयची लहानपणची आगगाडी मी ओटीवर मांडली होती. तिचं इंजिन मध्येच थांबायचं. मी रूळ स्पिरिटने पुसले, चाकांत गुंतलेले केस काढले, वायरी घट्ट केल्या. वाडीतला पंप मी दुरुस्त करतो, हे तर खेळणं. पण थांबलं तरी इंजिनाचा दिवा जळतच असायचा. म्हणजे वीज पोचत होती.

रविवारी सुजय विरारहून जेवायला आला.

"बाबा, या वयात गाडी गाडी?"

"सूनबाई, रेवा, बरी आहे ना?"

"मजेत आहे." गाडी फिरत राहिली.

"परवा वाडीत मोजायची टेप घेऊन कोण फिरत होतं?"

"मला काय माहीत!"

इंजिन थांबलं. मी बोटाने ढकललं, तसं निघालं.

"बिल्डरची माणसं होती का?"

"नाही हो, बाबा. शपथ."

पुन्हा थांबलं. सुजय रुळांकडे बघत राहिला. मग न जेवताच गेला.

वाडी घेतली तेव्हा मला सही येत नव्हती, म्हणून ती बायकोच्या, जयवंतीच्या नावावर केली. पुढे तिनेच मला अक्षरं शिकवली. तिच्या सहीशिवाय वाडी विकली जाणार नाही.

मी इंजिन ढकललं. जयवंती हात पुसत बाहेर आली.

"अहो, त्यापेक्षा माझा मिक्सर बघा."

"जयवंती, तू कुठे सही केलीस?"

ती पुन्हा हात पुसू लागली. तिने तोंड उघडण्याआधीच इंजिन थांबलं.