शवपेटी

"उंबरठा आहे, जरा उचला," म्हणत सेवा क्लबच्या शिरीषने मृतदेह ठेवायची वातानुकूलित शवपेटी आत घेतली आणि तो जागीच थिजला. ज्यांच्यासाठी ती आणली, त्या बिवलकरकाकू खाटेवर बसून पेज पीत होत्या.

"नुसती चक्कर होती हो," फोन करणारी शेजारीण पुटपुटली. "मला वाटलं, गेल्याच."

शिरीषच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंचं हृदय आधीच कमजोर. फोन येताच पोहोचायचं, हा क्लबचा लौकिक. आज तो लौकिकच काकूंचा जीव घेणार! तो पेटीसमोर आडवा उभा राहिला, पण पेटी माणसाएवढी लांब.

काकूंची नजर पेटीवरच्या पितळी पाटीवर खिळली. यजमानांच्या स्मरणार्थ त्यांनीच ती पेटी क्लबला दिली होती.

"अहो," त्या पाटीवरच्या नावाला म्हणाल्या, "पेज तरी संपू द्या. जन्मभर मेली तुमची घाईच!"