झिजलेला अंगठा

दर महिन्याला विड्यांची मजुरी खात्यावर जमा झाली की गुरप्पा बायकोला भवानी पेठेतल्या बँकेच्या केंद्रात न्यायचा. काशम्मानं यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि नोटा ह्यानं खिशात घालायच्या. आज यंत्र अंगठा घेईना. "मावशी, विड्या वळून रेषा झिजल्यात. दुसरं बोट ठेवा," खिडकीतली मुलगी म्हणाली. तर्जनी ठेवली, मधलं ठेवलं, यंत्र ढिम्म. "हिचं एक काम धड न्हाई," म्हणत गुरप्पा तरातरा निघून गेला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत काशम्मा खालमानेनं उभी राहिली. मग विड्या वळताना जिला काम नसतं ती करंगळी तिनं मुठीतून काढून यंत्रावर ठेवली. हिरवा दिवा लागला. "जमलं की, मावशी! किती काढायचे?" मुलीनं विचारलं. "ऱ्हाऊ दे तितंच, पोरी," काशम्मा पदर सारखा करत म्हणाली. "करंगळी चालती का, तेवढं बघायचं हुतं."