छतावरचा व्याध

"बाबा, एका संध्याकाळपुरते ढग बंद कराल का?"

मैत्रिणींनी "विचारून दाखवच!" म्हणून डिवचलं होतं, म्हणून शाल्मलीने जेवताना विचारूनच टाकलं. बाबा सांगलीच्या ढगकेंद्रात होते. तिच्या जन्माआधीपासून शहरावर बारमाही ढग बनवले जात. त्यामुळे भर पौषातही कृष्णा नदी घाटाच्या वरच्या पायरीला टेकलेली असे. शाल्मलीने चांदणी मात्र कधीच पाहिली नव्हती.

"ढग एकदा मोडला की परत जमायला दोन महिने लागतात. तोवर खालच्या गावांनी काय प्यायचं?" बाबा म्हणाले.

"तुझ्या खोलीत छतावर बाबांनी रेडियमचं मृग नक्षत्र लावलंय की," आई म्हणाली.

"तेही चुकलंय! पुस्तकात व्याधाचा तारा हरणाच्या मागे आहे, बाबांनी तोंडासमोर लावलाय. त्याला बघून हरीण पळालंच असतं की!"

आई खळखळून हसली. बाबांचा घास मात्र हातातच राहिला.

"लहानपणी रोज गच्चीवरून बघायचो गं," ते हळूच म्हणाले. "विसरलो बघ."

शाल्मलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

"आई, बाबा, ऐका. दहावी झाली की मी लडाखला शिकायला जाणार. तिथे ढग बनवत नाहीत. खरा व्याध डोळ्यांनी बघून येते, मग तुमचा जागेवर लावू."