ओमाहातला उंच सूर

अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या नाचघरात त्या संध्याकाळी आमच्या बँडचं वादन लोकांसमोरच रेकॉर्ड होत होतं. कित्येक आठवडे बसमध्ये झोपून सगळ्यांची हाडं खिळखिळी झाली होती. आमचा पहिला ट्रम्पेटवाला थॅडियस. अखेरच्या धुनेतला त्याचा उंच सूर ऐकायलाच लोक यायचे. नेमका आज त्याचा ओठच फाटला होता. "चुकलास तर ती चूक रेकॉर्डवर जन्मभर राहील, म्हाताऱ्या," त्याच्या जागेवर वर्षानुवर्षं टपलेला दुसरा ट्रम्पेटवाला ऑर्विल शेजारून म्हणाला. अखेरची धून टिपेला पोचली. थॅडियस उभा राहिला, गाल फुगले, पण नुसतीच हवा निघाली. तेवढ्यात तो सूर घुमला, लखलखीत. समोरच्या स्वरलिपीच्या स्टँडआड वाकून ऑर्विलनं वाजवला होता. लोकांनी थॅडियसच्या नावानं नाचघर डोक्यावर घेतलं. त्यानं ओठावरचं रक्त टिपलं. "ऊठ, ऑर्विल. पहिल्या ट्रम्पेटची खुर्ची आता तुझी." "वेड्या, ते तुझंच नाव घेताहेत!" "घेऊ देत," थॅडियस म्हणाला. "मला जरा टेकू दे."