खिशातला फ्यूज

विहिरीवरच्या मोबाइल-स्टार्टरच्या पेटीवर लिहिलेल्या नंबरला फोन लावून एकच कोड दाबला, की गावातली कुणाचीही मोटर चालू होते, हे सारिकाला कळलं होतं. स्टार्टरच्या कंपनीला सांगून सांगून ती थकली. "ताई, काम चालू आहे. तोवर बाहेर बोलू नका, लोक गैरवापर करतील." भावकीतली भांडणं आठवली की तिलाही ते पटायचं. तिनं फक्त सासऱ्यांच्या, सोपानरावांच्या, कानावर घातलं होतं.

आज शेजारचे सर्जेरावआप्पा मोटरीची जाळी साफ करायला विहिरीत उतरायला निघाले.

"आप्पा, आधी फ्यूज काढा."

आप्पा हसले. "तुझा सासरा बी हल्ली फ्यूज खिशात घालूनच उतरतोय. घरादारालाच भ्या बसलंय व्हय गं? माझी मोटर माझ्या फोनवर चालती, आन् फोन ह्यो बघ, माझ्या हातात."

खरं सांगायची चोरी, आणि उपासाच्या दिवशी तिला खोटं कारणही सांगवेना. ती दमून बांधावर बसली, आप्पांच्या पेटीवरचा नंबर आपल्या फोनवरून लावला आणि कोड दाबला. विहिरीत मोटर घुमली.

पायरीवर टेकलेला पाय आप्पांनी मागं घेतला. त्यांनी विचारलं,

"सोपानरावाला हे कवापासून ठावं हाय गं?"