जुम्म्याचा किस्सा

उस्मानचा फोन वाजला तेव्हा तो एकनाथच्या शर्टाच्या खिशात होता. उस्मान स्वतः समोरच्या दवाखान्यात, शवागारात होता.

एकनाथने फोन बाहेर काढला. काच तडकलेली, पण आवाज खणखणीत. पडद्यावर सकिनाचं नाव. उस्मानची बायको. जुम्म्याची नमाज झाली की तिचा फोन यायचाच.

गाडीत शेजारी अर्बाब, म्हणजे त्यांचा ओमानी मालक, बसला होता. एसी दुरुस्तीचा धंदा त्याचा, कामाची पिकअप त्याची, आणि हे दोघे त्याचे कारागीर. सकाळपासून पोलीस, दवाखाना सगळं त्यानेच निस्तरलं होतं. आता मात्र त्याने हात वर केले.

"तुम बोलो," तो म्हणाला. "मेरा बात वो नहीं समझेगी."

एकनाथ सकाळपासून उस्मानच्या धाकट्या भावाला फोन लावत होता. तो मासेमारीच्या बोटीवर, रेंजच्या बाहेर. आधी एखाद्या पुरुषमाणसाच्या कानावर घालावं, मग त्याने घरात सांगावं, असा एकनाथचा बेत होता. बेत कसला, पळवाटच. पण चेपलेल्या पिकअपचा फोटो इथल्या खाबुऱ्यातल्या कोकणी मंडळींच्या ग्रुपवर फिरायला लागला होता. तिथून तो रत्नागिरीला पोचायला कितीसा वेळ लागतोय! सकिनाने तो बघायच्या आत तिला आपल्या तोंडून कळायला हवं होतं. त्याने फोन उचलून हॅलो म्हटलं.

"काका!" मुनिबा ओरडली. उस्मानची थोरली. "थांबा हां, पातेल्यात ठेवते!"

त्या घरची ही पद्धतच होती. फोन रिकाम्या पातेल्यात ठेवायचा, म्हणजे आवाज घुमतो आणि सगळ्यांना ऐकू येतो. भोवती सकिना, पोरं आणि उस्मानची म्हातारी आई. दर शुक्रवारी त्यांना परदेशातली आठवड्याची गंमत हवी असायची. एसी दुरुस्त करायला गेलेले हे दोघे कोणाच्या तरी लग्नात पाहुणे म्हणून पोटभर जेवून कसे आले, खजुरीवर चढलेल्या उस्मानला खाली कसं उतरवलं, असलं काहीबाही. सांगायचा एकनाथ. राईचा पर्वत करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मागे बसलेल्या उस्मानला मात्र दम निघायचा नाही. शेवट यायच्या आतच तो फुटायचा आणि हसता हसता त्याला ठसका लागायचा. घरचे गमतीपेक्षा त्या ठसक्यालाच जास्त हसायचे.

"काका, फुफी परत आली का?"

फुफी म्हणजे गेल्या शुक्रवारची उंटीण. रस्त्याकडेला उभ्या पिकअपच्या खिडकीतून मान आत घालून तिने उस्मानच्या हातातली चपाती पळवली होती. मुनिबाने तेव्हाच तिला आत्या म्हणून नात्यात घेतलं होतं.

"माझी लेक बरी हाय ना?" मागून म्हातारीने विचारलं, आणि पातेल्यात हशा पिकला.

एकनाथच्या कपाळावर ताजे टाके होते.

"मुनिबा, आईला दे बाळा फोन."

"सगळे इथेच आहेत. सांगा ना! आली का फुफी?"

"आली," एकनाथ म्हणाला.

पुन्हा हशा.

"ऐका. सकाळी आम्ही खाबुऱ्याहून सहमला निघालो होतो. उस्मान चालवत होता. उंट एकदम रस्त्यात आडवा आला."

"मग अब्बांनी सलाम केला?"

"माझ्या लेकीला रस्ता द्यायचा की नाय त्यानं!" म्हातारी म्हणाली.

"अम्मा, मी खरं सांगतोय. आईशप्पथ."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. त्याच्या प्रत्येक गमतीत ही शपथ असायचीच. तिकडे पोरांनी टाळ्या पिटल्या.

"गाडी उलटली," एकनाथ घाईने म्हणाला. "त्याने ब्रेक मारला, पण गाडी उलटली, अम्मा."

"आणि फुफी वर जाऊन बसली!" मुनिबा किंचाळली.

मग ते हसू आवरेना. त्याचे स्वतःचे शब्द पातेल्यात घुमून त्याच्याच कानात परत येत होते, आणि त्यालासुद्धा ते गमतीचेच वाटत होते. इतकी वर्षं ज्या आवाजाने या घराला हसवलं, त्या आवाजात मरणाची बातमी मावत नव्हती. त्याला स्वतःचा राग आला. हसणाऱ्यांचा आला. सगळ्यात जास्त उस्मानचा आला. दर वेळी शेवट माझ्यावर टाकून मोकळा होतो, तसाच आजही झाला.

"ऐका ना माझं," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका फुटला. पातेल्यात तोही हसण्यासारखाच घुमला. पोरं आणखी खिदळली.

अर्बाबने तोंड खिडकीकडे फिरवलं.

तेवढ्यात घुमणं एकदम थांबलं. कोणीतरी फोन पातेल्यातून उचलून घेतला होता. सकिनाचा आवाज अगदी कानाशी आला. तिच्या मागे म्हातारी अजून हसत होती.

"एकनाथभाऊ," सकिना म्हणाली, "आज मुनिबाचे अब्बा मधीच हसले कसे नाय?"