तिसरीच्या सेटमधलं जादा पुस्तक

जादा पुस्तक आल्याचा त्या आठवड्यातला हा पाचवा फोन. तिसरीच्या सेटमध्ये गोष्टींचं एक पुस्तक निघालंय, यादीत तर नाही, परत कधी आणून देऊ, असं एक बाई संकोचून विचारत होत्या. श्रद्धाने माफी मागून फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. दिपेश चहात बिस्कीट बुडवण्यात एकदम गढून गेला. वडिलांचा विषय निघाला की त्याचं असंच व्हायचं.

बकुळा बुक डेपोची तीन दुकानं होती. उल्हासनगरचं दिपेश बघायचा, बदलापूरचं श्रद्धा. अंबरनाथ पश्चिमेचं पहिलं दुकान मात्र अजून तिच्या सासऱ्यांच्या, बाळाजींच्या हातात होतं. चाळीस वर्षांपूर्वी बायकोचं नाव देऊन त्यांनी ते थाटलं होतं. आता वय शहात्तर. तरी तिन्ही दुकानांचे शाळेच्या पुस्तकांचे सेट तेच बांधायचे, चष्मा कपाळावर आणि सुतळी मांडीवर घेऊन. यंदा पहिल्यांदाच बिलावर श्रद्धाचा मोबाइल नंबर छापला आणि फोन सुरू झाले. आज पुस्तक जादा गेलं, उद्या कुणाच्या दहावीच्या सेटमधून गणितच राहून जाईल. म्हणून पप्पांनी आता घरी आराम करावा असं ठरलं. ते सांगायचं काम अर्थातच सुनेच्या गळ्यात पडलं.

अकराच्या सुमारास ती अंबरनाथच्या दुकानात पोचली. बाळाजी एक सेट बांधत होते. वाटभर घोकलेलं वाक्य तिने एका दमात म्हणून टाकलं.

"पप्पा, सेट बांधताना तुमच्याकडून चुका व्हायला लागल्यात."

ते चिडतील, चार शब्द सुनावतील, अशी तिची तयारी होती. बाळाजी नुसते हसले. होतात खऱ्या, म्हणाले. उद्यापासून येत नाही, एवढा सेट पुरा करू दे. आणि त्यांनी सुतळीचं बंडल मांडीवरून काढून काउंटरवर ठेवलं. श्रद्धाला फार वाईट वाटलं. लग्न होऊन आली तेव्हा घरातल्यांनी तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आत या माणसाने तिला काउंटरवर बसवलं होतं, पुस्तकं विकायला शिकवलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात तुळशी नावाची एक बाई मुलीला घेऊन आत आली. तिच्या हातात गोष्टींचं पुस्तक होतं.

"काका, हे तुमचं चुकून आलं. वरच असतं तर तेव्हाच दिलं असतं. पण ते एकदम मध्ये होतं, गणित आणि परिसर अभ्यासच्या मध्ये. कव्हर घालताना हिला सापडलं. आणि ही बया मला काय सांगतेय! आठवडाभर वाचत बसली."

मुलगी खाली मान घालून उभी होती. एकदा बाहेर गेलेलं पुस्तक दुकानात परत घेता येत नाही, असला काहीतरी नियम बाळाजींनी तोंड वर न करता सांगितला आणि पुस्तक मुलीच्या हातात देऊन दोघींना वाटेला लावलं. असा नियम दुकानात कधीच नव्हता.

श्रद्धा स्टुलावर बसली. पाचही फोनवर लोकांनी हेच सांगितलं होतं. मध्ये. आईबाप वरची दोन पुस्तकं चाळून गठ्ठा ठेवून देतात. कव्हर घालायला बसतं ते पोर. म्हाताऱ्या हाताची चूक दर वेळी अशी बरोबर पोराच्या हाती कशी पडेल?

आणि श्रद्धाचंही पुस्तक तिथेच, मध्येच होतं. लहानपणी बदलापूरच्या बेलवलीला राहायची तेव्हा. वडील अंबरनाथच्या कंपनीत कामाला, येताना तिसरीचा सेट याच दुकानातून घेऊन आले होते. तिने ते पुस्तक गादीखाली लपवलं, पाठ होईपर्यंत वाचलं आणि स्वतःला चोर ठरवून बसली. एकोणतीस वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, दिपेशलासुद्धा नाही. याच घरातून स्थळ आलं तेव्हा तर तिला रात्रभर झोप लागली नव्हती.

तिने सुतळीचं बंडल उचललं आणि परत सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं.

"पप्पा, मला पण आलं होतं. तिसरीत. मी परत नाही केलं."

"ठाऊक आहे," बाळाजी गाठ आवळत म्हणाले. "पुढच्या वर्षी चौथीचा सेट घ्यायला वडिलांबरोबर तू पण आलीस. इथंच खाली बसलीस, सुतळी सोडलीस आणि एकेक पुस्तक काढून बघितलंस, यंदा पण काय चुकून आलंय का. बदलापूरला दुकान काढायचं मी त्याच दिवशी ठरवलं."